कॉन्कॉर्डच्या चौघी आणि देवरुखच्या दोघी

ज्या घरातील कर्ता पुरुष दूरदेशी आहे, ज्याच्या पत्राची व पैशाची वाट पाहणे हा घरातील बायकांच्या दिनक्रमाचाच एक भाग होऊन बसला आहे, आणि ज्याच्या अनुपस्थितीत आई व मुली मिळून चूल, शेजार, देणेघेणे, आजारपण आणि अब्रू या साऱ्यांचा कारभार स्वतःच्या शिरावर वाहत आहेत, अशा घराची ओळख रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकास कोणत्याही ग्रंथकाराने करून देण्याचे कारण नाही. गिरण्यांच्या काळापासून इथला पुरुष चाकरीसाठी मुंबईस गेला, आणि महिन्याची मनीऑर्डर व गणपती-शिमग्याची रजा यांच्या आधारावर गावाकडची घरे उभी राहिली. २०११ च्या जनगणनेतसुद्धा या जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या, आणि त्या आकड्याचे मूळ या परगावी गेलेल्या पुरुषांत आहे. लुइझा मे अल्कॉट या कॉन्कॉर्डच्या अमेरिकन लेखिकेची ‘लिटल विमेन’ ही १८६८ सालची कादंबरी, जी शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादाच्या रूपाने मराठीत कायमची वस्तीला आली, तिचा आरंभ नेमका अशाच घरात होतो. बाप यादवी युद्धात फौजेचा धर्मोपदेशक म्हणून गेलेला आहे, नाताळ तोंडावर आला आहे, भेटवस्तूंना पैसा नाही, आणि सोळा वर्षांची मेग, पंधराची ज्यो, तेराची बेथ व बाराची एमी या चार बहिणी शेगडीभोवती बसून आईची व बापाच्या पत्राची वाट पाहत आहेत.

मुलींसाठी मालिकारूपाने लिहिल्या गेलेल्या जुन्या कथावाङ्मयाकडे आजच्या वाचकाने पुन्हा वळावे की नाही, आणि वळलाच तर कोणत्या दृष्टीने, हा प्रश्न मनाशी धरून मी गेल्या पावसाळ्यात ही पुस्तके पुन्हा वाचली, आणि ती लहानपणी वाचलेल्या व आज वाचणाऱ्या रत्नागिरीकर स्त्रियांशी बोलले. सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने, संगमेश्वर तालुक्यातील आपल्या माहेरघराच्या पडवीत बसून, मला जे सांगितले ते या सबंध लेखाचे बीज आहे. “अगो, मला ती माणसं अमेरिकेतली वाटलीच नाहीत कधी,” त्या म्हणाल्या. “माझे वडील मुंबईला, वर्षातून दोनदा यायचे. आई पत्र वाचायची आणि आम्ही भावंडं तिच्या भोवती. पोस्टमन दिसला की आईचा चेहरा जसा व्हायचा, तो मी त्या पुस्तकात वाचला.” बाईंना बर्फ ठाऊक नव्हते, शेगडीभोवतीची थंडी ठाऊक नव्हती, परंतु पत्रातील एकेका मुलीसाठी लिहिलेला मजकूर आई मोठ्याने वाचते तेव्हा आपल्या नावाची पाळी येईपर्यंत श्वास कसा अडकतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. अनुवादित ग्रंथ परक्या भाषेत रुजतो तो केवळ अनुवादकाच्या कौशल्यामुळे नव्हे; त्या भाषेच्या घरांत त्याच्यासाठी जागा आधीच रिकामी असावी लागते, आणि कोकणातील घरांत ती होती.

शांताबाईंचे श्रेय यामुळे उणे होत नाही. १९२२ साली इंदापूरला जन्मलेल्या आणि १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या कवयित्रीने मूळ नावे, मूळ गाव, मूळ चालीरीती तशाच ठेवल्या. मेगची मंगला किंवा ज्योची जयू केली नाही. त्या काळी परकीय कथानकाला नऊवारी नेसवून ते आपलेच म्हणून पुढे करण्याचा शिरस्ता मोडीत निघाला नव्हता, हे ध्यानी घेतले म्हणजे हा निर्णय किती विश्वासाचा होता ते कळते. परकी मुलगी परकी राहूनही जवळची होऊ शकते, असा तो मराठी वाचकावरचा विश्वास होता.

रत्नागिरीतील जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे, म्हणजे याच गावी लोकमान्य टिळकांचा जन्म होण्याच्या २८ वर्षे आधीचे आहे, आणि महाराष्ट्रातील अत्यंत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. परंतु गावात ग्रंथालय असणे आणि त्यातील ग्रंथ मुलीच्या हाती पडणे यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर होते. मी ज्या वृद्ध स्त्रियांशी बोलले, त्यांपैकी बहुतेकींच्या वाचनाची वर्गणी वडिलांच्या नावे होती व पुस्तक बदलून आणण्याचे काम भावाकडे होते, आणि भावाने आपल्या आवडीची रहस्यकथा आणली म्हणजे त्या रहस्यकथाच वाचीत. मुलीने स्वतः काउंटरपाशी उभे राहून, नोंदवहीत स्वतःची सही करून पुस्तक घ्यावे, ही गोष्ट त्यांना स्वतःच्या लेकींच्या वेळी पाहावयास मिळाली.

आता मूळ ग्रंथकर्तीकडे वळू, कारण या मालिकेची जन्मकथा तिच्यातील कोणत्याही प्रकरणाइतकीच बोधक आहे. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेच्या टॉमस नाइल्स यांनी अल्कॉटबाईंकडे मुलींसाठी एक पुस्तक मागितले, तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. युद्धात वॉशिंग्टनच्या रुग्णालयात परिचारिकेचे काम करताना विषमज्वराने त्यांची प्रकृती कायमची खालावली होती. तत्त्वचिंतक वडिलांना पैसा मिळविणे कधी साधले नव्हते, आणि घराचा सारा भार त्यांच्या लेखणीवर होता. मुलींविषयी लिहिण्याची त्यांना ओढ नव्हती, तसे त्यांनी आपल्या रोजनिशीत स्पष्ट नोंदवून ठेवले आहे. तरीही मे ते जुलै एवढ्या अवधीत त्यांनी पहिला भाग लिहून हातावेगळा केला, आणि नाइल्स यांच्याच सल्ल्याने त्याचा स्वामित्वहक्क स्वतःकडे राखला. कुटुंब कर्जातून मुक्त झाले ते या एका शहाणपणामुळे. पहिली आवृत्ती हातोहात खपली, वाचक मुलींची पत्रे येऊ लागली, आणि त्या पत्रांतून एकच चौकशी होती: या चौघींची लग्ने कोणाकोणाशी होणार. अल्कॉटबाईंना ज्यो अविवाहित ठेवावयाची होती. १८६९ मध्ये दुसरा भाग आला, त्यात ज्योचा विवाह झाला खरा, परंतु ज्याच्याशी व्हावा म्हणून सारे वाचक आसुसले होते त्या शेजारच्या लॉरीशी मात्र लेखिकेने तो होऊ दिला नाही. वयाने मोठा, गरीब, जर्मन प्रोफेसर भाएर तिच्यापुढे आणून उभा केला. पुढे १८७१ मध्ये ‘लिटल मेन’ आणि १८८६ मध्ये ‘जोज बॉइज’ असा हा विस्तार चालू राहिला.

या पुस्तकाचे पुनर्वाचन करताना माझे लक्ष सर्वांत अधिक खिळले ते वयांच्या आकड्यांवर. एमी बारा वर्षांची आहे. शाळेत लिंबे नेल्याबद्दल मास्तर तिच्या हातावर छडी मारतात, आणि तो अपमान तिच्या आयुष्यातील पहिले मोठे संकट ठरतो. मेग सोळा वर्षांची आहे, आणि श्रीमंत मैत्रिणीकडे उसना पोशाख घालून मिरविल्याचे शल्य तिला बोचते. ज्यो पंधराची आहे. ती पोटमाळ्यावर बसून सफरचंदे खात कादंबऱ्या वाचते व नाटके लिहिते. बाराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंतची ही वर्षे, ज्यांत मुलगी कोणाची पत्नी नाही, कोणाची माता नाही, आणि चुका करून त्या सुधारण्याची मुभा तिला आहे, ती वर्षे या पुस्तकाचा खरा विषय आहेत. हेच आकडे घेऊन आपल्या जिल्ह्याच्या त्याच शतकाकडे पाहिले म्हणजे मन स्तब्ध होते.

देवरुखच्या जोशी घराण्यातील दोन बहिणींचे चरित्र मराठी वाचकास अपरिचित नाही, परंतु त्या दोघींना या चौघींच्या शेजारी बसवून कोणी वाचलेले माझ्या पाहण्यात नाही. थोरली गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली. धाकटी, जी पुढे पार्वतीबाई आठवले या नावाने विख्यात झाली, तिचा जन्म १८७० चा. म्हणजे अल्कॉटबाईंचा दुसरा भाग प्रसिद्ध झाल्यानंतर एका वर्षाने ती जन्मली. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले, विसाव्या वर्षी पदरी एक मुलगा असताना वैधव्य आले. एमीला लिंबांपायी छडी बसली त्या वयात देवरुखची ही मुलगी सासरी नांदत होती, आणि ज्यो पोटमाळ्यावर नाटके लिहीत होती त्या वयात तिच्या थोरल्या बहिणीच्या वैधव्याला सात वर्षे होऊन गेली होती. या दोघींच्या आयुष्यातून ती मधली वर्षे वजाच झाली होती. बालपणाच्या पुढचे पान उलटले ते थेट गृहिणीपणाचे किंवा सोवळेपणाचे निघाले. कायद्याचा हात या वर्षांपर्यंत फार सावकाश पोहोचला: १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली, त्यावर केवढे रण माजले ते सर्वश्रुत आहे, विवाहासाठी मुलीचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा १९२९ मध्ये आला. याच जिल्ह्यातील दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाई, ज्या पुढे डॉ. आंबेडकरांच्या पत्नी म्हणून वंदनीय झाल्या, त्यांचे लग्न १९०६ मध्ये झाले तेव्हा त्या जेमतेम आठ-नऊ वर्षांच्या होत्या. जात कोणतीही असो, मुलीच्या वाट्याची ही वर्षे कोणाच्याच दप्तरी जमा नव्हती.

परंतु देवरुख आणि कॉन्कॉर्ड यांच्यातील संबंध केवळ विरोधाचा नाही, आणि हे मला या पुनर्वाचनात उमगले तेव्हा फार आनंद झाला. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी यांनी पदवी घेतली. तो समारंभ पाहण्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून तेथे गेल्या, आणि पुढे अमेरिकेतच राहून त्यांनी हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी गावोगाव व्याख्याने दिली. त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी रमाबाई असोसिएशन १८८७ च्या अखेरीस स्थापन झाली ती बॉस्टन शहरी. म्हणजे ज्या शहरातून अल्कॉटबाईंची पुस्तके छापून निघत होती आणि जेथे पुढे थोड्याच महिन्यांनी, मार्च १८८८ मध्ये, त्यांचे निधन झाले, त्याच शहरी. त्या असोसिएशनने जमविलेल्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि त्या सदनात शिकावयास आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई. तिला तेथे आणणारा तिचा भाऊ नरहरपंत हा धोंडो केशव कर्वे यांचा स्नेही. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला, मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले, आणि पुढचा हिंगण्याच्या आश्रमाचा इतिहास सर्वांस विदित आहे. बॉस्टनमध्ये वर्गणी देणाऱ्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांच्या मुलींच्या हाती अल्कॉटबाईंची ही मालिका असेल, असे अनुमान करणे धाडसाचे नाही. त्या काळी त्या शहरात ती कोणत्या घरी नव्हती! मेग-ज्यो जेथे छापल्या गेल्या त्या शहराच्या पैशाने देवरुखच्या मुलीला अक्षरओळख व्हावी, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला अतिरंजनाचा दोष दिला असता.

पार्वतीबाईही पुढे बहिणीच्या मागोमाग आश्रमात आल्या, उतरत्या तारुण्यात शिकल्या, आश्रमासाठी वर्गण्या गोळा करीत देशभर हिंडल्या, आणि १९१८ मध्ये एकट्या अमेरिकेस गेल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये आली; गोदूबाईंचे, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांचे, ‘माझे पुराण’ त्यानंतरचे. ही दोन पुस्तके ग्रंथालयात आत्मचरित्रांच्या कपाटात असतात आणि मुलींचा हात तेथवर सहसा जात नाही. माझे मत असे, की ती ‘चौघीजणी’च्या शेजारी ठेवावीत. पंधरा वर्षांच्या मुलीने ज्योचे नाट्यलेखन वाचावे आणि त्याच आठवड्यात देवरुखच्या मुलीचे पंधरावे वर्ष कसे गेले तेही वाचावे.

रत्नागिरीत राहून चार बहिणींची गोष्ट लिहावयाची आणि थिबा राजाच्या चार कन्यांचा उल्लेख करावयाचा नाही, हे इथल्या माणसास जमणार नाही. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले; त्याच्या चौथ्या मुलीचा जन्मच या गावचा. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा १९१० च्या सुमारास तयार झाला तोवर या मुली भाड्याच्या बंगल्यांत वाढून मोठ्या झाल्या होत्या. त्यांना बारा ते अठराची वर्षे अविवाहित स्थितीत मिळाली खरी, परंतु ती मोकळीक नव्हती, अटक होती. त्यांच्या योग्यतेचे वर कोठून आणावयाचे हा प्रश्न सरकारी पत्रव्यवहाराचा विषय झाला होता. फायली फिरत राहिल्या आणि मुलींची वये वाढत राहिली. थोरलीने शेवटी पहाऱ्यावरील एका स्थानिक माणसाशी, गोपाळ सावंतांशी, नाते जोडले. त्या नात्यातून जन्मलेली टूटू रत्नागिरीतच कष्टाचे आयुष्य जगली आणि २००० साली इथेच निवर्तली. तारुण्याची वर्षे नुसती रिकामी मिळून भागत नाही, त्यांत शाळा, मैत्रिणी, हाताला काम व डोळ्यांपुढे रस्ता असावा लागतो, हे या चौघींच्या हकिकतीवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही कल्पित कथेवरून होत नाही.

मराठीने आपल्या मुलींसाठी स्वतःची अशी मालिका का निर्माण केली नाही, याचे उत्तर वरील विवेचनात बहुतांशी येऊन गेले आहे. बालवाङ्मयाच्या बाबतीत हा जिल्हा मागे नव्हता. ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये सुरू करणारे विनायक कोंडदेव ओक हे गुहागरजवळच्या हेदवीचे. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ आले, पुढे ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ तीन भागांत आला आणि घराघरांत पोहोचला. त्यांनीच ‘चिंगी’ही लिहिली, परंतु लोकांच्या स्मरणात गोट्याच राहिला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वीसेक पुस्तकांतून सायकलवर भरधाव फिरला, त्याच्या सोबतीला माली नावाची मुलगी आहे, पण हँडल तिच्या हाती नाही. ज्या समाजात मुलीला बालपण आणि संसार यांच्यामध्ये स्वतःचे असे वय १९३० पर्यंत कायद्यानेही मिळाले नव्हते, त्या समाजात त्या वयाच्या नायिकेची मालिका कोणी, कोणासाठी लिहावी? हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये यमूचे जे आयुष्य मांडले ते हृदय पिळवटणारे आहे, परंतु त्यात यमूच्या मौजेला जागा नाही, असावी तरी कशी. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनाची ती पहिली जाहीर नोंद ठरली व महाराष्ट्रात खळबळ उडाली. पण तेही दुःखाचेच पुस्तक होते. खिदळणारी, भांडणारी, हस्तलिखित जाळल्याबद्दल धाकट्या बहिणीला क्षमा करण्यास नकार देणारी आणि मग ती बर्फातून बुडता बुडता वाचली तेव्हा रात्रभर रडणारी मुलगी मराठी वाचकाला हवी होती. ती शांताबाईंनी आणून दिली. या अर्थाने ‘चौघीजणी’ हे आपल्या मुलींना मिळालेले उसने तारुण्य होते, आणि ज्यांना स्वतःचे मिळाले नाही त्यांनी ते मनापासून जपले.

आजची वाचक मुलगी मात्र हे पुस्तक निमूटपणे स्वीकारीत नाही, आणि तिने स्वीकारू नये. शहरातील काही महाविद्यालयीन मुलींसमवेत मी त्यातील निवडक प्रकरणे पुन्हा वाचली, तेव्हा त्यांचे आक्षेप मुद्देसूद होते. एकीने विचारले, की ज्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर ही कथा चालते ते गुलामगिरीच्या प्रश्नावर पेटले होते, मग गुलामांविषयी एवढे मौन का. दुसरीने हमेल कुटुंबाकडे बोट दाखविले: गरीब जर्मन स्थलांतरितांचे ते घर कथेत येते ते मार्च भगिनींचा चांगुलपणा दाखविण्यासाठी, आणि त्यांच्या तान्ह्याच्या मृत्यूपेक्षा बेथला तेथून लागलेला ज्वर अधिक महत्त्वाचा ठरतो. तिसरी कुणबी घरातली, वडील मुंबईत नोकरीला, ती म्हणाली, “काकू, माझ्या आजीकडेही मनीऑर्डर यायची. पण ती पुस्तक वाचत नव्हती, भाताच्या लावणीला जायची. तिच्यावर असं पुस्तक कुणी लिहिलं?” या प्रश्नापुढे मला माझ्या आरंभीच्या विधानास मर्यादा घालावी लागते. ज्या कोकणी घरांत ‘चौघीजणी’साठी जागा रिकामी होती असे मी म्हटले, ती घरे अक्षरओळख असलेली, बहुधा पांढरपेशी होती, पुरुषांवाचूनच्या घरांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती आणि त्यांतील मुलींची कहाणी अजून लिहिली जावयाची आहे. ती लिहिण्याची योग्यता त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीत मला दिसली, आणि तसे मी तिला सांगितलेही.

सर्वांत तीव्र आक्षेप भाएरवर होता, आणि त्यात मी मुलींच्या बाजूची आहे. ज्यो न्यूयॉर्कला जाऊन पैशासाठी थरारक कथा लिहिते. प्रोफेसर त्या प्रकारच्या लेखनाचा तिरस्कार बोलून दाखवितात. ती लज्जित होऊन आपल्या साऱ्या कथा जाळते. लेखणीच्या कमाईवर बहिणीला समुद्रकिनारी हवापालटास नेणारी ही मुलगी एका पुरुषाच्या नापसंतीपायी स्वतःचे लेखन जाळते, हे आज वाचताना संताप येतो. पण इथेच ग्रंथाबाहेरची एक हकिकत साहाय्यास येते. अल्कॉटबाईंनी स्वतः ए. एम. बर्नार्ड या नावाने अशाच थरारक कथा लिहून घर चालविले होते, आणि त्यांनी त्या जाळल्या नाहीत, केवळ लपविल्या. हे गुपित लिओना रोस्टेनबर्ग या संशोधिकेने १९४३ मध्ये उघड केले आणि त्या कथांचा संग्रह १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला. म्हणजे मुलींपुढे जो आदर्श ठेवावयाचा तो एक, आणि लेखिकेने प्रत्यक्ष आचरिला तो दुसरा. या दोन्ही गोष्टी एकत्र शिकविल्या पाहिजेत. ज्योने कथा जाळल्या हे प्रकरण वाचणाऱ्या प्रत्येक मुलीस तिच्या लेखिकेने त्या जाळल्या नव्हत्या हे कळलेच पाहिजे.

म्हणूनच या जुन्या पुस्तकांतील खटकणारा मजकूर नव्या आवृत्त्यांतून काढून टाकण्याची जी रीत पडली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. ही रीत नवी नाही. खुद्द ‘लिटल विमेन’ची १८८० ची आवृत्ती प्रकाशकाने सभ्य करून काढली, मुलींची रांगडी बोली गुळगुळीत केली, आणि पहिल्या आवृत्तीतील अंगाने भरलेली आई तीत उंच व भारदस्त झाली. दुसरे उदाहरण घ्या: मुंबईच्या नातेवाइकांकडून येणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून नॅन्सी ड्रू ही अमेरिकन तरुण हेरही रत्नागिरीतील काही घरांत पोहोचली होती. तिची मालिका १९३० मध्ये सुरू झाली, आणि कॅरोलिन कीन हे नाव मुखपृष्ठावर असले तरी आरंभीची बहुतेक पुस्तके मिल्ड्रेड वर्ट या आयोवाच्या तरुणीने पुस्तकामागे १२५ डॉलर घेऊन व सारे हक्क लिहून देऊन लिहिली होती. १९५९ पासून या पुस्तकांचे नव्याने लेखन झाले. त्यात वंशद्वेषाचा मजकूर गेला, ते आवश्यक होते हे खरे. परंतु त्याच झाडूने नायिकेचा बेडर, फटकळ स्वभावही बऱ्याच अंशी झाडून निघाला. दोष काढणाऱ्यांच्या हातून गुणही निघून जातात, आणि कोणी कधी कोणता अन्याय स्वाभाविक मानला याचा पुरावाही नाहीसा होतो. मराठीत या पुस्तकांचे पुनर्मुद्रण होताना ती संपूर्ण, अस्पर्श छापली जावीत. सोबत चांगली प्रस्तावना असावी. मुली मूर्ख नाहीत.

त्या वाचनसत्राच्या अखेरीस, ज्योने लग्नानंतर मुलांची शाळा काढली आणि लेखन बाजूस ठेवले म्हणून हिरमुसलेल्या मुलींना मी ‘जोज बॉइज’विषयी सांगितले, कारण ‘चौघीजणी’ जेथे संपते तेथे ही गोष्ट संपलेली नाही. त्या शेवटच्या पुस्तकात ज्यो पुन्हा लिहू लागलेली आहे, इतकी प्रसिद्ध झाली आहे की वार्ताहर व चाहते यांच्यापासून तिला खिडकीतून पळावे लागते; आणि तिच्या शाळेत वाढलेली नॅन ही मुलगी, एका निष्ठावान तरुणाची वर्षानुवर्षांची मागणी नाकारून, वैद्यकीचा अभ्यास करते, डॉक्टर होते आणि अविवाहित राहते. हे पुस्तक १८८६ च्या अखेरीस आले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या, त्यांचे लग्न नवव्या वर्षी झालेले होते, आणि पुढच्या फेब्रुवारीत, बावीस वर्षांच्या होण्यापूर्वीच, त्या पुण्यात निवर्तल्या. नॅनला लेखिकेने दीर्घ आयुष्य व भरपूर रुग्ण दिले.

“हे पुस्तक आपल्याकडे आहे का?” त्या कुणबी घरातील मुलीने विचारले. ग्रंथालयाच्या काउंटरवरच्या बाईंनी सूची पाहिली आणि नाही म्हणून सांगितले. मागणीची वही तेथेच होती. तिने त्यात ‘जोज बॉइज’ आणि त्याखाली पार्वतीबाईंच्या ‘माझी कहाणी’ची आणखी एक प्रत, अशी मागणी स्वतःच्या नावाने नोंदविली.